आई-वडिलांना आयोवातल्या डेकोराला न्यावं का? तिथे मक्याशिवाय काय आहे?

तुम्ही लिहिलंय की शिकागोहून पाच तासांचा रस्ता आहे, जुलैअखेर नॉर्डिक फेस्ट आहे, पण "सगळे म्हणतात आयोवात मक्याशिवाय काही नाही". तर दोन दिवस घालवावेत का, आणि राहायचं कुठे?

हे "सगळे" मला चांगले माहीत आहेत. त्यातले एक माझे साडू.

२०२३ मध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते, आधी न्यू जर्सीला थोरल्या मुलीकडे. साडूंनी नायगारा, वॉशिंग्टन, टाइम्स स्क्वेअर सगळं नऊ दिवसांत उरकलं. आमच्याकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला पोचले तेव्हा सासूबाईंचे पाय सुजलेले आणि नाना, म्हणजे सासरे, गप्प. नाना कृषी खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी जुन्नर-अकोले पट्ट्यात. मी डेकोराचं नाव काढताच साडू फोनवर म्हणाले, "पाच तास गाडी हाणून मका दाखवणार? तो काय मंचरला दिसत नाही?"

मका दिसतो. चार तास दुसरं काही दिसत नाही. पण डेकोरा ज्या जिल्ह्यात आहे त्या विनेशीक काउंटीत शिरलं की जमीन दुमडायला लागते. शेवटच्या हिमयुगात बर्फाने हा टापू वगळला, त्यामुळे रंधा मारल्यासारखा सपाट झाला नाही. चुनखडीचे कडे, त्यांतून फुटणारे गार झरे, ट्राउट माशांचे ओढे. डनिंग्ज स्प्रिंगचा धबधबा तर गावातच आहे, गाडीतून उतरून थोडं चाललं की झालं. नायगारापुढे तो पन्हाळीचं पाणी, कबूल. पण सासूबाई तिथे तासभर बसल्या आणि "आता कुठे जायचंय?" असं एकदाही विचारलं नाही.

फेस्टचं म्हणाल तर हे नॉर्वेहून आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचं गाव, १९६७ पासून हा उत्सव करतंय. तिथे लेफ्सा लाटताना बघायला सासूबाई जागच्या हलेनात. उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी, लाटणं खाचांचं, उलटायला लांब चपटी काठी. वर लोणी-साखर लावून गुंडाळी करून दिली. "अहो, ही तर तूप-साखर पोळी!" आणि पुढच्या घासाला, "कडा जाड राहिल्यात हो." लाटणाऱ्या आजीबाई हसल्या, त्यांना बहुधा कौतुक वाटलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणून लुटेफिस्कपासून मात्र आम्ही लांब राहिलो. सुकवलेला कॉड क्षाराच्या पाण्यात फुगवतात. सुक्या बोंबलावर वाढलेल्यांनीही जरा विचार करून जावं.

नाना बोलायला लागले ते दुसऱ्या दिवशी. गावाच्या उत्तरेला सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं हेरिटेज फार्म आहे. १९७५ मध्ये एका जोडप्याने सुरू केलेली ही संस्था. बाईंच्या आजोबांनी दिलेलं मॉर्निंग ग्लोरी या फुलवेलीचं आणि टोमॅटोचं बी, जे मूळ बव्हेरियातून आलेलं, तिथून सुरुवात. आता घराघरांतून आलेली हजारो जुनी वाणं सांभाळतात. "आपल्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्यात हेच करतात," नाना म्हणाले, आणि मग संकरित बियाणं आपणच कसं शेतकऱ्यांच्या गळी उतरवलं, घरची वाणं कशी गेली, हे सगळं मला सांगत सुटले. लग्नाला अकरा वर्षं झाली, इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. पांढरी, काळ्या कानांची जुन्या जातीची गुरंही तिथे आहेत. "खिल्लाराची ऐट नाही," एवढा शेरा मारून पुन्हा वाटाण्याच्या वाफ्यांकडे.

माझं स्पष्ट मत, आई-वडिलांना आपण जे दाखवतो ते निम्मं फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायला असतं. साडूंना हे तोंडावर सांगितलंय. त्यांनी नायगाराचे अजून चार फोटो पाठवले.

वेळ उरला तर अर्ध्या तासावर स्पिलव्हिल आहे. संगीतकार द्वोर्झाक १८९३ च्या उन्हाळ्यात तिथे राहिला होता. तो राहिला त्याच इमारतीत बिली बंधूंची लाकडी कोरीव घड्याळं आहेत. हे दोघे शेतकरी भाऊ हिवाळ्यात बसून कोरायचे.

राहायचं विचारलंत ते राहिलंच. फेस्टमध्ये गावात खोली मिळणं कठीण, आत्ताच बघा, नाहीतर मिनेसोटातल्या रॉचेस्टरला किंवा विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसला राहून ये-जा करा. आणि हो, फेस्ट गुरुवार ते शनिवार असतो. रविवारी पोचलात तर तंबू उतरवताना दिसतील. गाडीशिवाय तिथे काहीच होत नाही. दऱ्यांमध्ये फोनची रेंज जाते. गवतात गोचीड असतात, मोजे घाला. शाकाहारी असाल तर ठेपले न्या. गुडघे फारच दुखत असतील तर फेस्टची गर्दी सोडा आणि ऑक्टोबरमध्ये जा.

नानांनी तिथून श्रावणघेवड्याच्या बियांचं पाकीट घेतलं होतं. जुन्नरला न्यायचं म्हणत होते. परवान्याशिवाय बियाणं भारतात नेता येत नाही, असं मी म्हटल्यावर, "मला नियम शिकवू नका" म्हणाले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या परसात पेरून मोकळे झाले. सप्टेंबरअखेर त्यांना न्यायला साडू आले, तेव्हा नुकत्या शेंगा धरलेल्या. साडूंनी भाजी दोनदा मागून घेतली. बी कुठलं ते कोणीच सांगितलं नाही. आता हे वाचून कळेल.