आधी प्रश्न, मग रेणू

तुम्ही लिहिलंय की वर्गात पडद्यावर हिमोग्लोबिनचं, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाचं, त्रिमितीय चित्र उघडून दिलं, मुलं ते गरागरा फिरवत बसली आणि तासाच्या शेवटी कुणालाच काही सांगता आलं नाही. सुरुवातीला माझ्याही वर्गात हेच व्हायचं. आता मी एका तासाला एकच रेणू घेते, आणि तो उघडण्याआधी एक प्रश्न फळ्यावर लिहिते.

सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशींचा आकार बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा तास सांगते. प्रश्न असा: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातलं फक्त ६ वं बदललं तर अख्ख्या लाल पेशीचा आकार का बिघडावा? मुलं आपापला अंदाज वहीत लिहितात. मगच प्रोटीन डेटा बँकेतली (रेणूंच्या रचनांचा खुला संग्रह) २एचबीएस ही सिकलसेल हिमोग्लोबिनची नोंद मोलस्टारमध्ये, म्हणजे रेणू फिरवून पाहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. आधी रिबन, म्हणजे साखळ्या फितीसारख्या दाखवणारं रूप, प्रत्येक साखळीला वेगळा रंग. ८ साखळ्या दिसतात, म्हणजे प्रत्येकी चार साखळ्यांचे हिमोग्लोबिनचे दोन रेणू एकमेकांना टेकलेले. ते जिथे टेकतात तिथलं ६ व्या जागेवरचं व्हॅलिन, म्हणजे तेच बदललेलं अमिनो आम्ल, शोधायला लावा आणि तेवढाच भाग भरीव गोळ्यांच्या रूपात दाखवा. शेजारच्या रेणूतल्या फेनिलअ‍ॅलनिन आणि ल्युसिन या अमिनो आम्लांच्या खळग्यात ते नेमकं बसलेलं असतं. त्या जागी मूळ असलेल्या ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं; व्हॅलिन पाणी टाळतं. म्हणून रेणूला रेणू चिकटत लांब धागे होतात आणि ते पेशीला ताणतात. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेतच हे घडतं, हे सांगायला विसरू नका.

एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. साधं हिमोग्लोबिन, ४एचएचबी, उघडलं की भोवती लाल ठिपके दिसतात. एका मुलीने ते मोजून सांगितलं, "हाच तो वाहून नेलेला ऑक्सिजन." तिचा तर्क अगदी स्वाभाविक होता, कारण लाल म्हणजे ऑक्सिजन हे मीच शिकवलं होतं. प्रत्यक्षात ते पाण्याचे रेणू आहेत. या रचना क्ष-किरणांनी शोधलेल्या असतात आणि त्यांत हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, म्हणून पाण्याचा एकच लाल ठिपका उरतो. आणि ही नोंद तर ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनची आहे! तेव्हापासून मी पाणी आधी लपवते आणि रंग हे केवळ संकेत आहेत, हे आधीच सांगते.

संगणक एकच असेल तरी अडत नाही. माउस एका मुलाकडे द्या, कुठे वळवायचं ते वर्ग सांगेल.

पुढच्या तासाला डीएनए घ्या: १बीएनए, शिडीच्या पायऱ्यांसारख्या अवघ्या १२ बेस-जोड्यांचा तुकडा. एक वेढा पुरा व्हायला किती जोड्या लागतात ते मुलांनाच मोजू द्या. १० च्या आसपास येतात.