‘मुंबईने महाराष्ट्राला हरवले’ : कोणत्या महाराष्ट्राला?

प्रश्न असा आहे : रणजी करंडकाच्या बातमीत ‘मुंबईने महाराष्ट्राला हरवले’ असे छापून येते. मुंबई महाराष्ट्रातच असताना हे वाक्य चूक मानायचे का? बातमीत काय लिहावे? आणि मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ या राज्यातल्या तिन्ही संघांना मिळून मराठीत एखादा शब्द आहे का?

वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. चूक आहे ती ‘महाराष्ट्र संघ म्हणजे महाराष्ट्र राज्याचा संघ’ ही समजूत. समालोचनात आणि क्रीडापानांवर ती इतक्या वेळा ऐकू येते की आता बरोबर वाक्यच लोकांना खटकू लागले आहे.

महाराष्ट्र क्रिकेट संघटना पुण्यात 1934 साली स्थापन झाली. महाराष्ट्र राज्य झाले 1 मे 1960 रोजी. म्हणजे क्रिकेटमधला ‘महाराष्ट्र’ राज्यापेक्षा 26 वर्षांनी जुना आहे. हे नाव क्रिकेटने राज्याकडून घेतलेले नाही, त्यामुळे राज्याच्या सीमेशी ते जुळत नाही ही तक्रारच उलटी आहे. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला तो याच महाराष्ट्राने. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये काठियावाडविरुद्ध पुण्यात नाबाद 443 धावा केल्या त्या याच महाराष्ट्राकडून. मार्च 1949 मध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र उपान्त्य सामन्यात भिडले आणि मुंबईच्या 651 व 8 बाद 714, महाराष्ट्राच्या 407 व 604 अशा मिळून 2376 धावा झाल्या. त्या दिवशी ‘मुंबईने महाराष्ट्राला हरवले’ हे वाक्य कोणाला खटकण्याचे कारण नव्हते, कारण तेव्हा मुंबई आणि हा महाराष्ट्र ही शेजारशेजारची दोन नावे होती. त्यांतले एक दुसऱ्याच्या पोटात गेले ते पुढे, आणि तेही राज्यकारभारात. मैदानावर नाही.

विदर्भाचे प्रकरण आणखी निराळे. नागपूर 1956 पर्यंत मध्यप्रांताची, नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. तिथले क्रिकेट आधी ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाने खेळले गेले. प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर 1957-58 च्या हंगामात ‘विदर्भ’ हा संघ रणजीत उतरला. त्याने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक जिंकला. ‘महाराष्ट्राने तीनदा रणजी जिंकली’ असे या तीन विजेतेपदांबद्दल लिहिणे चूक आहे. नागपूरच्या चाहत्याला ते झोंबते आणि त्याचे झोंबणे रास्त आहे. महाराष्ट्र संघाच्या नावावर करंडक दोनच, आणि दोन्ही देवधरांच्या काळातले.

शब्दाची व्याप्ती खेळाप्रमाणे बदलते हे एकदा ध्यानात घेतले की गोंधळ उरत नाही. क्रिकेटमधला ‘महाराष्ट्र’ म्हणजे मुंबई परिसर आणि विदर्भ वगळून उरलेले सगळे : पश्चिम महाराष्ट्र, नाशिक-जळगाव, मराठवाडा, शिवाय रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबई ‘महाराष्ट्रा’त असते, पण विदर्भ आणि कोल्हापूर आपापल्या नावाने उतरतात. म्हणजे त्या मैदानावर ‘कोल्हापूरने महाराष्ट्राला हरवले’ हेही निर्दोष वाक्य ठरते. फुटबॉलच्या संतोष करंडकात हाच संघ 1954-55 च्या हंगामात ‘मुंबई’ म्हणून जिंकला, आणि 1990-91 व 1999-2000 च्या हंगामांत ‘महाराष्ट्र’ म्हणून. तिथे शहराचे नाव जाऊन राज्याचे नाव आले. आणि 1961 पासून चालत आलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ कुस्तीत हा शब्द सगळ्या राज्याला कवेत घेतो. चार खेळ, चार महाराष्ट्र. म्हणून क्रीडापानावर हा शब्द आला की आधी खेळ पाहावा, मग नकाशा.

आता व्युत्पत्ती. ‘महा’ आणि ‘राष्ट्र’ ही फोड सगळ्यांना ठाऊक आहे, तीत वेळ घालवत नाही. ‘मरेल पण हटणार नाही तो मराठा’ हे घोषवाक्य आहे, व्युत्पत्ती नव्हे. खरी मौज ‘राष्ट्र’ या शब्दात आहे. आज आपण तो देशासाठी वापरतो, म्हणून ‘महाराष्ट्र’चा अर्थ ‘महान राष्ट्र’ असा भाषणांतून सांगितला जातो. जुन्या लेखांत राष्ट्र म्हणजे कारभाराचा एक विभाग, प्रांत. दक्षिणेतल्या पल्लव राजांच्या हिरहडगल्ली ताम्रपटात ‘साताहनि-रट्ठ’ येतो तो असाच एक विभाग. राष्ट्रकूट म्हणजे राष्ट्राचा मुख्य. त्याचेच झिजलेले रूप ‘राठोड’. पुढच्या काळात देशाच्या मुख्याला देशमुख म्हटले ती शब्दरचना याच घडणीची. रणजीत ‘राष्ट्र’ नावात असलेले दोन संघ आहेत, महाराष्ट्र आणि सौराष्ट्र, आणि दोन्हींत त्याचा अर्थ प्रांतच आहे.

यावर रा. गो. भांडारकरांचे मत वेगळे. त्यांच्या मांडणीत लोक आधी : रट्ठ किंवा रट्ट नावाचे लोक, त्यांच्यातले मोठे ते महारठ्ठ, त्यांचा देश तो महाराष्ट्र. नाणेघाट, कार्ले, भाजे, बेडसे इथल्या लेखांतले ‘महारठी’ हा या मताचा आधार. भांडारकरांबद्दल आदर पूर्ण ठेवूनही हे मत मला पटत नाही. अशोकाच्या शिलालेखांत जे ‘रठिक’ म्हणजे राष्ट्रिक येतात त्यांच्या नावातच ‘राष्ट्र’ अगोदर बसलेले आहे. ‘-इक’ प्रत्यय लागला म्हणजे मूळ शब्द त्याआधी वापरात होता. जे नाव स्वतः प्रदेशवाचक किंवा अधिकारवाचक शब्दापासून बनले, त्यापासून पुन्हा प्रदेशाचे नाव काढणे म्हणजे वर्तुळात फिरणे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला जोडलेल्या टिपणांत जॉन विल्सनने ‘महारांचे राष्ट्र’ अशी व्युत्पत्ती सुचवली होती. ती केवळ ध्वनिसाम्यावर उभी आहे, कारण ‘महारठ्ठ’ या प्राकृत रूपातला ‘र’ ‘रठ्ठ’चा आहे, ‘महार’चा नव्हे. तरीही ती अधूनमधून नव्याने सांगितली जाते, आणि सांगणारे प्राकृत रूपे तपासत नाहीत.

‘प्रांत आधी, लोक नंतर’ या मताला सर्वात भक्कम आधार कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरच्या प्रशस्तीत, म्हणजे राजाची स्तुती करणाऱ्या कोरीव लेखात सापडतो. शके 556, म्हणजे इ. स. 634-35. कवी रविकीर्ती, राजा चालुक्य दुसरा पुलकेशी. ओळ अशी : ‘अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्’. नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो अधिपती झाला. शब्द नीट पाहा : ‘महाराष्ट्रकाणाम्’ हे अनेकवचन आणि ‘त्रयाणाम्’ ही संख्या. या नावाच्या सर्वात जुन्या निर्विवाद कोरीव उल्लेखांपैकी हा एक, आणि त्यात महाराष्ट्र एक नाही, तीन आहेत. राज्यात रणजीचे संघ तीन का, म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी ही ओळ वाचावी.

हे तीन कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. विदर्भ, मधला महाराष्ट्र आणि दक्षिणेकडचा कुंतल प्रदेश अशी एक वाटणी सांगतात. काही जण त्यात कोकण घालतात. कोकण घालणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे : याच प्रशस्तीत कोकणातल्या मौर्यांचा पराभव आणि पश्चिम समुद्रावरची पुरी ही नगरी यांचे श्लोक वेगळे कशाला? रविकीर्तीच्या लेखी कोकण हा महाराष्ट्रकांबाहेरचा प्रदेश होता. सातव्या शतकात समुद्रकाठ ‘महाराष्ट्रा’च्या बाहेर आणि घाटमाथा आत. मुंबई आणि महाराष्ट्र या दोन संघांची सरहद्द पाहिली तर तीच जुनी रेघ पुन्हा उमटलेली दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पुण्याच्या संघटनेकडे असल्याने ती तंतोतंत नाही, हे खरे. पण ‘महाराष्ट्र’ या शब्दाचा गाभा देशावर, म्हणजे घाटमाथ्यावर, आहे आणि बाकीचे प्रदेश त्याला पुढे जोडले गेले, हे क्रिकेटच्या नकाशातून अजून वाचता येते.

दुसरा आधार तर घरचा आहे. चक्रधरस्वामींचे ‘महाराष्ट्रीं असावे’ हे सूत्र प्रसिद्ध आहे. त्यावरच्या महानुभावी भाष्यात महाराष्ट्राची मोजणी केली आहे : फलटणपासून दक्षिणेला मराठी चालते तो एक भाग, बालाघाटापर्यंतचा एक, गोदावरीचे दोन्ही काठ एक, तिथून मेहकरच्या घाटापर्यंत एक, आणि सगळे वऱ्हाड एक. भाष्यकार यांना ‘खंडमंडळ’ म्हणतो. भाषेत थोडाथोडा पालट पडतो म्हणून खंडमंडळे वेगळी धरायची, पण सगळी मिळून म्हणायचे महाराष्ट्रच. इथेही कोकण नाही. वऱ्हाड मात्र ठामपणे आत आहे. विदर्भाचे क्रिकेट वेगळे म्हणून विदर्भाची भाषा परकी ठरवणाऱ्यांना, आणि भाषा एक म्हणून विदर्भाचा संघ मोडा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे भाष्य पुरून उरते. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीची, मंडळातल्या मतदानासाठीची ‘एक राज्य, एक मत’ ही शिफारस मान्य केली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांनी मत आळीपाळीने वापरायचे असे ठरले होते. ऑगस्ट 2018 मध्ये न्यायालयानेच ते बदलून तिघांना, आणि गुजरात, बडोदा, सौराष्ट्र यांनाही, स्वतंत्र मत परत दिले. भाषेच्या बाजूने पाहता 2018 चा निर्णय शहाणपणाचा होता.

तर तिन्ही संघांना मिळून शब्द विचारलात, तो हा घ्या : ‘खंडमंडळे’. ‘राज्यातल्या तीन खंडमंडळांपैकी दोन उपान्त्य फेरीत’ हे वाक्य मराठी आहे, अर्थवाही आहे आणि त्यातला शब्द जुना आहे. कबड्डीच्या बातम्यांत मुंबई-पुणे सामन्याला ‘महाराष्ट्र डर्बी’ म्हणतात ते टाळता येईल. मुंबईत डर्बी म्हणजे महालक्ष्मीवरची घोड्यांची शर्यत, 1943 पासून. त्या शब्दाला तिथे हक्काचे घर आहे.

राहिले बातमीत काय लिहावे ते. पहिला नियम : महाराष्ट्र संघाला ‘पुणेकर’ म्हणू नका. मराठीत ‘-कर’ प्रामुख्याने गावाला लागतो. मुंबईकर, नागपूरकर, सोलापूरकर होतात, पण विदर्भकर होत नाही. संघ प्रदेशाचा आणि नाव शहराचे, अशी अदलाबदल झाली की संघातला नाशिकचा, सोलापूरचा, कोल्हापूरचा खेळाडू शीर्षकातून गायब होतो. तिथल्या वाचकाला सर्वात जास्त राग याचाच येतो. मुंबई संघाला ‘मुंबईकर’ चालते कारण संघाचे नावच शहराचे आहे, पण त्यातला शार्दूल ठाकूर पालघरचा आहे याचे भान ठेवावे. ‘पुणेरी’ हे वस्तूंचे आणि तऱ्हांचे विशेषण : पुणेरी पगडी, पुणेरी जोडे. माणसे पुणेकर.

दुसरा नियम : विदर्भ संघाला ‘वऱ्हाडी’ लिहू नका. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशिम. नागपूर वऱ्हाडात नाही, आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे बोलतात ती झाडीबोली. संघाचे घरचे मैदान नागपूरजवळ जामठ्याला असताना ‘वऱ्हाडी फलंदाज’ लिहिणारा नागपूर आणि अमरावती दोघांनाही दुखावतो. ‘वैदर्भीय’ हेही टाळावे. ‘विदर्भ’पासून ‘वैदर्भ’ झाले की विशेषण पूर्ण झाले, त्याला ‘-ईय’ चिकटवण्याची गरज नाही. ‘वैदर्भी’ तर रुक्मिणी, दमयंती आणि काव्यशास्त्रातली रीती. सरळ ‘विदर्भाचा’ लिहावे.

तिसरा नियम, आणि यावर सर्वात जास्त ठेच लागते : ‘कडून’. ‘पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडून खेळतो’ यात ‘कडून’ म्हणजे बाजूने. ‘मुंबईचा महाराष्ट्राकडून पराभव’ यात ‘कडून’ म्हणजे हरवणारा. ‘शॉचे महाराष्ट्राकडून मुंबईविरुद्ध शतक’ इथपर्यंत ठीक. ‘महाराष्ट्राकडून शॉला मुंबईविरुद्ध संधी’ असे झाले की वाचक दोनदा वाचतो. जिंकणाऱ्याला ‘-ने’ लावा : ‘महाराष्ट्राने मुंबईला हरवले’. खेळाडूसाठी ‘महाराष्ट्राच्या शॉचे शतक’. आणि पहिल्या उल्लेखात एकदाच ‘महाराष्ट्र संघ’, पुढे नुसते ‘महाराष्ट्र’. ‘महाराष्ट्र राज्य संघ’ मात्र क्रिकेटच्या बातमीत कधीही नाही.