सिलिकॉन की मिठाचं पाणी?

"ताई, दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. आता इम्प्लांट बसवता येईल म्हणतात. सिलिकॉनचं की सलाइनचं, ते मलाच ठरवायला सांगितलंय. हे काही बोलत नाहीत. जाऊबाई म्हणतात, सेहेचाळिसाव्या वर्षी ही थेरं कशाला?" – एक वाचक, सातारा

प्रिय मैत्रिणी,

दोरीवर कपडे वाळत घालताना ब्लाउजमध्ये ठेवलेला घडीचा रुमाल गळ्यापर्यंत वर सरकतो, असं तुम्ही लिहिलंय. तो रुमाल जाऊबाईंना रोज सावरावा लागत नाही. ही थेरं नाहीत. तुम्हाला हवंसं वाटतंय, एवढं कारण मला पुरतं.

सलाइन म्हणजे बाहेरून सिलिकॉनचीच पिशवी, आत मिठाचं पाणी. फुटली तर छाती काही दिवसांत चपटी होते, म्हणजे लगेच कळतं, आणि ते पाणी शरीर शोषून घेतं. पण स्तन काढल्यावर कातडीखाली मांस फारसं उरत नाही, त्यामुळे पिशवीच्या सुरकुत्या वरून दिसू शकतात. सिलिकॉन जेल हाताला जास्त खरं वाटतं. त्याची खोड अशी की ते गुपचूप फुटतं, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा, असं अमेरिकेचं औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, एफडीए, सांगतं. हा खर्च आणि या खेपा जमणार असतील, तर मी सिलिकॉनकडे झुकेन.

पृष्ठभाग मात्र गुळगुळीतच मागा. खरबरीत इम्प्लांटशी एक लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, जोडला गेलाय. क्वचितच होतो, पण होऊ शकतो. 2019 साली अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतली. एका कॅन्सरमधून उठलेल्या बाईने ही जोखीम कशाला घ्यायची?

आता खरी गोष्ट. तुमच्या पत्रात रेडिएशनचा उल्लेखच नाही. छातीला किरणांचा शेक दिलेला असेल तर इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण आवळून घट्ट होण्याचा, दुखण्याचा धोका बराच वाढतो. मग सिलिकॉन की सलाइन हा प्रश्न मागे पडतो आणि पोटाचं मांस-कातडी घेऊन स्तन घडवण्याबद्दल आधी विचारावं लागतं. ते ऑपरेशन मोठं, पोटावरही व्रण राहतो, पण मांस आपलंच असतं. इम्प्लांट कुठलंही घ्या, ते जन्मभराचं नसतं. पुढे कधीतरी पुन्हा टेबलावर जावं लागेल हे धरूनच चाला.

ह्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या. बोलत नाहीत याचा अर्थ नको आहे असाच नसतो. पुष्कळदा नवरे घाबरलेले असतात. डॉक्टरांना इम्प्लांट हातात द्यायला सांगा, दोघांनी दाबून बघा.

निर्णयाची घाई नाही. तोवर रुमाल सोडा. स्तन काढलेल्या बायकांसाठीची खिसा असलेली मास्टेक्टॉमी ब्रा आणि आत बसणारा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन विकत मिळतो, कुठे ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडेच विचारा. त्याला वजन असतं, कपडे वाळत घालताना वर सरकत नाही.

तुमची,
ताई