फेअर ट्रेड कॉफीची वेबसाइट: आधी भावाचं पान लिहा

नागपुरातून फेअर ट्रेड कॉफीचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या संस्थेला ठरलेला किमान भाव देऊन घेतलेल्या कॉफीचा, प्रचार करणारी वेबसाइट काढायचीय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. डोमेन आणि लोगो नंतर बघता येईल. आधी एकच पान लिहा: २५० ग्रॅमच्या पाकिटातले पैसे कुणाकडे किती जातात. गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजणार ते याच पानाच्या भरवशावर.

हिशेब असा. वॉश्ड अरेबिकासाठी (पाण्याने धुऊन प्रक्रिया केलेले अरेबिका जातीचे दाणे) फेअरट्रेड इंटरनॅशनल या प्रमाणन संघटनेचा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून कच्च्या दाण्यांच्या पौंडाला (सुमारे ४५४ ग्रॅम) १.८० डॉलर आहे, वर २० सेंट प्रीमियम, म्हणजे संस्थेच्या सामाईक कामांसाठीची जादा रक्कम. बाजारभाव त्याहून चढा असेल तर तो भाव आणि प्रीमियम. भाजताना दाण्याचं वजन साधारण १६ टक्के घटतं, म्हणून २५० ग्रॅम भाजलेल्या कॉफीला ३०० ग्रॅम कच्चे दाणे लागतात. म्हणजे पाकिटामागे किमान १.१९ डॉलर भाव आणि १३ सेंट प्रीमियम. हे रुपयांत मांडा आणि विनिमय दर कोणत्या तारखेचा तेही लिहा.

इथेच साइट घसरतात. ‘शेतकऱ्याला इतके मिळतात’ असं लिहू नका. हा बंदरावरचा, शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळणारा भाव आहे. प्रक्रिया आणि वाहतुकीचा खर्च त्यातूनच जातो. प्रीमियम कशावर खर्चायचा ते सभासद ठरवतात, मात्र त्यातला किमान चौथा हिस्सा उत्पादकता आणि दर्जासाठी ठेवावा लागतो.

दुसरं, फेअरट्रेडचं चिन्ह परवान्याशिवाय साइटवर लावू नका, नुसतं सजावटीलासुद्धा नाही. आणि शब्दांची सरमिसळ टाळा. अराकू व्हॅली अरेबिका या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कॉफी कुठली ते सांगतं, भाव नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र शेतीची पद्धत सांगतं. आपल्या चिखलदऱ्याच्या कॉफीबद्दल जरूर लिहा, विदर्भातल्या वाचकाला ती जवळची वाटेल. पण ती जवळची आहे म्हणून फेअर ट्रेड ठरत नाही. ती पिकवणाऱ्या संस्थेचं फेअर ट्रेड प्रमाणपत्र हातात असेल तरच तसं म्हणा.

फोटो २०० केबीच्या आत ठेवा, मजकूर युनिकोडमध्येच टाका. चित्रात लिहिलेलं मराठी गुगलवर सापडणं कठीण.

विक्रीही करणार असाल तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना क्रमांक, मूळ देश आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क द्यावा लागतो. परतावा आणि गोपनीयतेची पानं आधीच तयार ठेवा, नाहीतर पेमेंट गेटवेची मंजुरी अडकते. भाजल्याची तारीख प्रत्येक मालापुढे हवीच. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत पार्सल गाडीत तापत राहतं आणि कॉफीचा वास उडतो. म्हणून उन्हाळ्यात दळलेली कॉफी यादीतून काढा, अख्खे दाणेच ठेवा, आणि तसं का केलंय ते तिथेच एका ओळीत लिहा.