अर्नेस्तोला बंगला कसा मिळाला?

प्रिय मुक्ता,

तुझा आवाजी निरोप दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा मागून आजीच्या कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू आल्या. प्रश्न असा ना: 'कोको' या कार्टून सिनेमातला अर्नेस्तो मित्राला विष देतो, त्याची गाणी चोरतो, आणि मेल्यावरही मृतांच्या देशात तोच बंगल्यात राहतो, पार्ट्या झोडतो. त्याला कुणी पकडत कसं नाही? आणि आजी म्हणते, आपल्याकडे असली सवलत नाही, चित्रगुप्त सगळं लिहून ठेवतो आणि यम तेलात तळतो. मग खरं कुणाचं?

आधी आजीच्या तेलाचं बघू. भागवताच्या पाचव्या स्कंधात 28 नरकांची यादी आहे. उकळत्या तेलाचा तो कुंभीपाक, पण तो पशुपक्षी शिजवणाऱ्यांसाठी. (नागपुरातल्या सावजीवाल्यांना हे कुणी सांगू नये. माझ्यासारख्या गिऱ्हाइकांनाही.) विष घालणाऱ्याला लागतो सारमेयादन, तिथे वज्रासारख्या दातांची 720 कुत्री त्याला फाडतात. म्हणजे आजीच्या हिशेबात अर्नेस्तोची शिक्षा ठरलेलीच आहे, फक्त कलम चुकलंय. हे तिला हळूच सांग.

सिनेमावाले मात्र ज्यांना जसं ऑफिस ठाऊक, तसा परलोक रंगवतात. आमच्या लहानपणी 1995 साली 'तकदीरवाला' आला होता, 'यमलीला' या तेलुगू सिनेमावरून केलेला. त्यात कादर खान यमराज आणि असरानी चित्रगुप्त. भविष्याची वही वरून निसटून पृथ्वीवर पडते आणि दोघं साहेब-बाबू ती शोधत खाली येतात. आम्ही पोट्टे हसून लोळायचो, कारण फाईल हरवणं म्हणजे काय ते घरोघरी माहीत होतं. इंग्रजांचाही असाच एक सिनेमा आहे, 1946 चा, 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'. महायुद्ध नुकतंच संपलेलं. एक वैमानिक पॅराशूटशिवाय विमानातून उडी मारतो. त्याला न्यायला आलेल्या वरच्या माणसाला धुक्यात तो सापडत नाही, आणि तिकडच्या हजेरीत एक जण कमी भरतो. चूक लक्षात येईपर्यंत हा इकडे प्रेमात पडलेला. मग तो अपील करतो आणि वर खरोखरीचं कोर्ट भरतं, ज्युरी, वकील, सगळं. पृथ्वी रंगीत आणि परलोक कृष्णधवल दाखवलाय, ही युक्ती मला फार आवडते. तू आलीस की आपण दोघं बघू.

'कोको'त कोर्टच नाही. फाटकावर विमानतळासारखी तपासणी आहे, आणि ती एवढंच बघते की घरच्यांनी तुझा फोटो लावलाय का. चांगला होतास की वाईट, हे तिथे कुणी विचारतच नाही. म्हणून अर्नेस्तोचं फावतं: त्याचे फोटो गावभर. आणि म्हणूनच शेवटी घरच्यांना खरं कळल्यावर त्याच्या पुतळ्याच्या गळ्यात पाटी पडते. त्या देशात शिक्षा खालून, जिवंत माणसांकडून येते.

आजी चित्रगुप्तावर जोर देते, पण आपल्याकडेही हे खालून येणं आहे. आमचे अप्पाकाका गेले तेव्हा मी तुझ्याएवढाच असेन. दहाव्याला सगळे रामटेकला अंबाळा तलावावर गेलो. पिंड मांडला आणि आम्ही हात जोडून लांब उभे राहिलो. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली. मग एकेक जण ओरडून कबुली द्यायला लागला. "पोरीचं शिक्षण आमी पाहू, चिंता करू नको बाप्पा!" कावळे ढिम्म. "वावर विकणार नाही!" तरी नाही. दोन भावांमध्ये त्या वावरावरूनच भांडण होतं, त्यामुळे हे वाक्य बोलायला धाकट्याला बराच वेळ लागला होता. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा आला नाही की तो गवताचा पिंडाला शिववतात, सोय असते. तेवढ्यात काकांच्या एका मित्राने खिशातून खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी काढली आणि मुकाट्याने पिंडाशेजारी ठेवली. दोन मिनिटांत कावळा उतरला.

योगायोग असेल. पण त्या दिवशी अप्पाकाकांच्या पापपुण्याची कुणीच चौकशी करत नव्हतं, उलटतपासणी आमचीच चालली होती. आणि वावर अजून विकलेलं नाही. (खर्रा मात्र वाईटच. काकांना त्यानेच नेलं.)

एक लक्षात ठेव, नागपुरात सगळ्याच घरी हे करत नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती दीक्षाभूमी तुला आजोबांनी दाखवलीच असेल. त्यांनी तिथे लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीच्या घरी म्हणूनच कावळ्याची वाट बघत नाहीत. "तुमचं चित्रगुप्ताशी कसं?" असं तिच्या आजीला विचारू नकोस, "तुम्ही काय करता?" असं विचार.

आता यमाबद्दल. महाभारतात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला आणि राजाने ऋषींनाच सुळावर चढवलं. ते यमाकडे गेले आणि विचारलं, माझा गुन्हा काय? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्यास. ऋषी भडकले. एवढ्याशाला एवढी शिक्षा? त्यांनी यमालाच शाप दिला, म्हणून तो विदुर होऊन जन्मला. आणि नियम घालून दिला की चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरायचं नाही. इंग्रजांचा वैमानिक अपील करतो हे ठीक आहे, पण आपल्या ऋषींनी न्यायाधीशालाच खाली पाठवलं. 'तकदीरवाला'त यम वही शोधत खाली येतो तेव्हा मला मांडव्यच आठवतात.

आणि अर्नेस्तोच्या बंगल्याचा तुला एवढा राग आलाय, तर पुढचंही ऐक. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तेव्हा त्याला पहिला कोण दिसतो? दुर्योधन. सिंहासनावर, थाटात. आणि स्वतःचे भाऊ नरकात. तोही तुझ्यासारखाच चिडला होता आणि म्हणाला, मग मी भावांपाशीच राहतो. हे कसं काय, ते आजीला विचार. ती भीष्मापासून सुरुवात करेल, म्हणून जेवण झाल्यावरच विचार.

तुझा,
बाबा