वाचकांचे प्रश्न : स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतो. सज्ञान माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने गांजा ओढला तर सरकारने त्यात पडायचे कारण काय, असे तो विचारतो. दारूची दुकाने सरकारी परवान्याने चालतात आणि महाशिवरात्रीला भांग प्यायलेल्याला कोणी पकडत नाही, हा त्याचा दाखला. मला उत्तर सुचत नाही. दुसरीकडे, माझी बहीण गडचिरोली जिल्ह्यात राहते. तेथील दारूबंदीमुळे बायकांना किती दिलासा मिळाला हे ती सांगते, तेव्हा तेही मनोमन पटते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला पटाव्यात, हा वैचारिक गोंधळ समजावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गोंधळ मुळीच नाही. चिरंजीवांचा प्रश्न सेवन करणाऱ्याला शिक्षा करावी का, हा आहे. भगिनी सांगतात ती हकिकत गावातील विक्री बंद होण्याची आहे. एकीला होकार दिला म्हणून दुसरीला नकार द्यावा लागत नाही.

भांगेचा दाखला चपखल आहे. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे; शेंड्यांशिवाय असलेली नुसती पाने व्याख्येतून वगळली आहेत. परिणामी पानांची भांग राज्यांच्या नियमांवर सोपवली गेली आणि त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला तर अटक, अशी विभागणी झाली. ही रेषा घातकपणा मोजून आखलेली नाही हे उघड आहे, नाहीतर तंबाखूवर सर्वांत आधी बंदी आली असती. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवून असा निष्कर्ष काढला होता की, भांग-गांजाच्या माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, संपूर्ण बंदी समर्थनीय नाही, कर आणि परवाने यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे. बंदी घातल्यास लोक अधिक घातक नशेकडे वळतील, अशी धास्तीही त्याने नोंदवली. त्या सरकारचा डोळा महसुलावर होता, हे मान्य करूनही हा इशारा आजही दखल घेण्याजोगा आहे.

याच कायद्याच्या कलम २७ नुसार गांजाच्या नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हेरॉइन, कोकेन यांच्या बाबतीत हीच मर्यादा एक वर्ष आणि वीस हजार रुपये आहे. सेवन घरात केले की चव्हाट्यावर, याला त्या कलमात महत्त्व नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीत पुडी सापडते, पंचनामा होतो, नाव पोलिसांच्या दप्तरी लागते, आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरताना ते प्रकरण पुन्हा उभे राहते. त्या पुडीने त्याचे जे नुकसान झाले असते, त्याहून मोठे नुकसान कायदाच करून बसतो. ज्याने दुसऱ्या कोणालाही इजा केलेली नाही, त्याला केवळ त्याच्या भल्यासाठी तुरुंग दाखवणे मला नैतिकदृष्ट्या असमर्थनीय वाटते. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर खटला चालवू नये अशी तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे खरी, पण घरच्या लोकांना तिचा पत्ता बहुधा वकिलाकडे गेल्यावरच लागतो.

मात्र ‘स्वतःच्या पैशाने’ या शब्दांपाशी चिरंजीवांचा युक्तिवाद लंगडा पडतो. ज्या घरात आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी गुत्त्यावर जाते, तिथे तो पैसा एकट्याचा कधीच नसतो. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये दारूबंदीचे तत्त्व चर्चेला आले, तेव्हा कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने त्याला विरोध केला होता. आदिवासी नेते जयपाल सिंह यांनी आदिवासींच्या पूजाविधीतील तांदळाच्या मद्याचा प्रश्न मांडला होता. दोन्ही आक्षेप वजनदार होते, तरीही नशाबंदीचे तत्त्व अनुच्छेद ४७ मध्ये, मार्गदर्शक तत्त्व म्हणून, आलेच. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी लागू झाली ती मोठ्या लोकचळवळीनंतर, आणि त्या चळवळीत स्त्रिया पुढे होत्या. राज्यात इतरत्रही निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी गुप्त मतदानात ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, कौल दिला, तर गावातील दुकान बंद होते. ज्यांच्या पाठीवर वळ उठतात त्यांनी ठरवावे, आणि कुऱ्हाड दुकानावर पडावी, यात मला स्वातंत्र्याची हानी दिसत नाही. उलट घरात निर्धास्त झोपण्याचे स्वातंत्र्य तिथे प्रथमच कोणाला तरी मिळते. चोरटी विक्री तरीही होते, हे भगिनीही नाकारणार नाहीत. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामागे हेच कारण पुढे केले गेले.

(जाता जाता : १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. देशीसाठी दोन रुपये आणि विदेशीसाठी पाच रुपये, असा एका दिवसाचा परवाना दुकानातच फाडला जातो. हा कायदा कोणाचे रक्षण करतो, हे कोणीतरी समजावून सांगावे.)

गर्दच्या, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइनच्या, बाबतीत मात्र ‘माझी निवड’ हे शब्द फार काळ टिकत नाहीत. पहिला झुरका निवडीचा असेल; पुढे शरीरच हुकूम सोडू लागते, आणि अशा माणसाला मोकळे सोडून देणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा आदर करणे नव्हे. पोर्तुगालने २००१ पासून स्वीकारलेली वाट मला पटते. तेथे विक्री गुन्हाच आहे. पण स्वतःपुरता, सुमारे दहा दिवसांचा साठा सापडलेल्याला न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजसेवा या क्षेत्रांतील व्यक्तींच्या समितीपुढे जावे लागते, आणि ती त्याला उपचाराकडे वळवू पाहते.

प्रश्न : शाळांच्या आसपास एमडी (मेफेड्रोन ही रासायनिक नशा) विकली जात असल्याच्या बातम्या सतत येतात. अशा विक्रेत्यांना फाशीच हवी. आपला कायदा इतका मवाळ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तो मवाळ नाही. पन्नास ग्रॅमहून अधिक एमडी व्यापारी प्रमाणात मोडते आणि त्यासाठी किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. जामीनही सहजासहजी मिळत नाही. ठरावीक मोठ्या साठ्याच्या दुसऱ्या गुन्ह्याला तर सक्तीची फाशी होती. ती सक्ती घटनाबाह्य असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आणि २०१४ च्या दुरुस्तीने फाशी ऐच्छिक झाली.

कडकपणाची किंमत कोण मोजतो, हेही पाहावे. वैध अफूची शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे, नीमच आणि गाझीपूर येथे अफूचे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या त्याच कायद्यानंतर आपल्याच कर्करुग्णांना मॉर्फिन, हे अफूपासून बनणारे वेदनाशामक, मिळेनासे झाले. साठवण, वाहतूक, वापर यांसाठी वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने लागत. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे, आणि नोंदवहीतली एक चूक दहा वर्षांच्या शिक्षेची भीती दाखवी. बहुसंख्य रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या औषधांसाठी देशभर एकच परवाना पद्धत आणली, पण अनेक डॉक्टरांच्या पिढ्या ते औषध न वापरताच शिकल्या, आणि गावाकडच्या औषध दुकानात त्याची गोळी आजही सहसा मिळत नाही.