बिचारा स्नो?

प्रश्न : पोरांना आखाड्यात एकमेकांना मारायला लावणाऱ्या खेळांवरच्या ‘हंगर गेम्स’ चित्रपटमालिकेची पूर्वकथा सांगणारा ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ कॉलेजात जाणाऱ्या लेकीबरोबर पाहिला. ती म्हणते, ‘बिचारा स्नो, गरिबीनं त्याला असं केलं.’ मला संताप आला. पुढे हुकूमशहा होणाऱ्या स्नोचं तरुणपण दाखवून त्याला माफी मिळवून द्यायचीच ही युक्ती ना? आणि शेवटी जंगलात तो एकाएकी बदलतो, तेही पटलं नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, संताप असू द्या, पण तो फ्रान्सिस लॉरेन्स या दिग्दर्शकावर काढू नका. (पुढे शेवट फोडला आहे. ज्यांना सिनेमा पाहायचाय त्यांनी थेट दुसऱ्या प्रश्नावर जावं.)

लेकीला एवढंच विचारा, मग टायग्रिसचं काय? ती स्नोची चुलत बहीण. तेच घर, तीच आजी, तीच उपासमार. भावाला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये म्हणून ती जुना शर्ट नव्यासारखा करते, न्हाणीघरातल्या फरशीच्या तुकड्यांची बटणं लावून. ती काही कुणाच्या जिवावर उठत नाही. २०१५च्या चित्रपटात म्हातारी झालेली हीच टायग्रिस मूळ मालिकेची नायिका कॅटनिस हिला आपल्या दुकानात लपवते. बरं, श्रीमंतीनं माणूस बिघडतो म्हणावं, तर शस्त्रांच्या धंद्यावर गब्बर झालेल्या बापाचा मुलगा सेजेनस बघा, स्नोचा वर्गमित्र. आखाड्यात ढकललेल्या पोरांसाठी जीव तुटतो तो त्याचाच.

मला विचाराल तर सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट तलवारीनं होत नाही, ती होते सूचनांनी. खेळांचं दहावं वर्ष. राजधानी कॅपिटॉलचे प्रेक्षक कंटाळलेत, पोरं मरताना बघायलाही कुणी बसत नाही. स्नो सुचवतो की लोकांना या मुलांची ओळख होऊ द्या, त्यांच्यावर पैजा लावू द्या, त्यांना खाणं-पाणी पाठवू द्या. खेळांची सूत्रधार डॉक्टर गॉल खूश! (व्हायोला डेव्हिसनं ही बाई अशी रंगवलीय की ती हसली की आपण दचकतो.) चौसष्ट वर्षांनी कॅटनिससाठी आकाशातून पॅराशूटनं औषध उतरतं, त्याचं मूळ या हुशार विद्यार्थ्याच्या डोक्यात आहे. त्याला तेव्हा कुणाचा सूड घ्यायचा नव्हता. बक्षिसाची रक्कम हवी होती, बस्स.

आता तुमचं ‘एकाएकी’. इथे तुमचं निम्मं म्हणणं मान्य. सुझान कॉलिन्स यांची २०२०ची कादंबरी सतत स्नोच्या डोक्यात वावरते. खेळांत त्याच्यावर सोपवलेली गाणारी मुलगी ल्यूसी ग्रे ही त्याला आपल्या मालकीची वस्तू वाटते, हे वाचताना पानोपानी टोचत राहतं. सिनेमात मनातला आवाज नाही, आणि स्नो झालेला टॉम ब्लाइथ दिसायला राजबिंडा. आपण प्रेमकथा समजून बसतो. त्यात १५७ मिनिटांतला तिसरा भाग फारच घाईत उरकलाय. माझ्या हातात असतं तर आखाड्यातली पळापळ कापून ती मिनिटं जंगलाला दिली असती.

पण ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवणाऱ्या जॅबरजे पक्ष्याचा प्रसंग परत बघा. सेजेनस विश्वासानं सगळं सांगतोय आणि हा त्याचे शब्द पक्ष्यात टिपून कॅपिटॉलला धाडतो. मित्र फासावर जातो, हा रडतो. खरंच रडतो! पुढे जंगलात त्याच्या तोंडून निघून जातं की आपल्या हातून तिघं मेले. ल्यूसी ग्रे विचारते, तिसरा कोण? तो उत्तर देतो, ‘जुना मी.’ तिला काय कळायचं ते कळतं. तळ्याकाठच्या खोपटात लपवलेल्या बंदुका सापडतात, तेव्हा त्याच्या एका खुनाचा शेवटचा पुरावा हाती आलेला असतो आणि साक्षीदार म्हणून उरते फक्त ती. स्नोच्या आधी हा हिशेब तिनं मांडलेला असतो, म्हणून तर ती निसटते. तो जंगलात बदलत नाही हो, फक्त तिथे त्याला बघायला दुसरं कुणी नसतं.

प्रश्न : आधीचे चार भाग पाहिलेले नाहीत. थेट हा पाहिला तर चालेल का? नऊ वर्षांच्या मुलाला दाखवावा का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : निदान २०१२चा पहिला तरी बघा. डोनाल्ड सदरलँडचा पांढऱ्या गुलाबाचा म्हातारा स्नो डोळ्यांपुढे नसेल, तर आजीनं गच्चीवर जपलेल्या गुलाबांकडे तुमचं लक्षही जाणार नाही. मुलाला मात्र नको. ल्यूसी ग्रे झालेल्या रेचल झेग्लरची गाणी त्याला आवडतील, पण सुरुवातीलाच एक उपाशी माणूस रस्त्यावरच्या प्रेताचा लचका तोडतो. गाणी नुसती ऐकवा.